पाहुण्याच्या भाषेत

मराठी सिनेमातलं खेडं कुठल्या जिल्ह्यात असतं, हे मला अजून कळलेलं नाही. तिथला पाटील, तिथली म्हातारी, तिथला येडपट गडी, सगळे एकाच पद्धतीने बोलतात आणि ती पद्धत मी तरी कुठल्या आठवडी बाजारात ऐकलेली नाही. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ते चालतं. ‘लई’ आणि ‘वाईच’ कानावर पडलं की त्याला गावी जाऊन आल्यासारखं वाटतं. मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं, असं बायकोचं म्हणणं. मला वाटतं, किराणा दुकान टाकलं असतं तरी फिरलं असतं.

आम्ही बसवकल्याणला राहतो. मूळ गाव मंठाळ. घर लिंगायत, घरातलं बोलणं मराठी, पूजेच्या वेळची वचनं कन्नड आणि दारावर बांगडीवाला आला की दखनी उर्दू. यात काही विशेष आहे हे मला बाहेरगावी जायला लागल्यावर कळलं. उदगीरला चर्चासत्राला गेलो की कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, “कर्नाटकातले असूनही तुमचं मराठी फार छान आहे हो.” बंगळुरूला उजळणी वर्गाला गेलो तर माझं कन्नड ऐकून विचारतात, “सर, तुम्ही महाराष्ट्रातले का?” दोन्हीकडे मी हसतो. दोन्हीकडे जेवणाच्या रांगेत मागे उभा राहतो आणि परत येतो.

राजकारणाबद्दल मी बोलू नये असं ठरवलंय, पण राहवत नाही. पाट्यांवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून गळा काढणारे दोन्ही बाजूंचे पुढारी जीप भरून बाहेरून येतात आणि संध्याकाळी आपापल्या गावी निघून जातात. निवडणूक आली की आमचा उमेदवार मंठाळात मराठीत हात जोडतो, तालुक्याच्या सभेत कन्नडमध्ये आणि मोहल्ल्यात दखनीत. लोक म्हणतात, बघा, किती भाषा येतात. अरे, इथल्या भाजीवालीलाही येतात. निवडून आल्यावर तो मात्र कुठल्याच भाषेत भेटत नाही. इकडे दर जूनमध्ये कॉलेजचे प्राचार्य मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजतात आणि मराठीचा वर्ग यंदा ठेवायचा का, असं विचारतात. ते मराठीत विचारतात. त्यांची मातृभाषा कन्नड आहे, पण समोर मी असतो ना.

ही आमच्याकडची रीत. समोरच्याच्या भाषेत बोलायचं, आणि पाहुणा असेल तर त्याच्यासारखंच बोलायचं. ती कुणी कुणाला शिकवत नाही. आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या द्यावा तशी त्याची भाषाही त्याला द्यायची आणि आपली आत ठेवून द्यायची. कमलनगरच्या बसस्टँडवर चहा पिताना बघा, एकच माणूस तीन गिऱ्हाइकांशी तीन तऱ्हेने बोलतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मलाही पूर्वी याचा अभिमान वाटायचा. वर्गात मी यावर तासभर बोलायचो. आता बोलत नाही.

माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, या रीतीत सगळ्यांच्या वरताण होती. कलबुर्गीकडचे सोयरे आले की तिचं “ऊटा आयता?” म्हणजे जेवण झालं का, असं निघायचं की त्यांना ती तिकडचीच वाटावी. बांगडीवाल्याशी ती दखनीत भांडायची आणि दखनीतच त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करायची. घरात आमच्याशी मात्र तिचं स्वतःचं बोलणं होतं, मंठाळचं. “कामून तोंड पाडून बसलास? भाकर खायलास का न्हाई?” असं ती दारातूनच विचारायची. त्या बोलण्याला एक हेल होता. तो लिहून दाखवता येत नाही. मी खूपदा प्रयत्न केलाय.

अव्वाला सिनेमाचं फार वेड. लग्न होऊन आली तेव्हा जत्रेत तंबू लागायचे, तिथे तिने जे मिळेल ते पाहिलं. कन्नड, हिंदी, तेलुगू, मराठी, काहीही. पुढे आम्ही बसवकल्याणला आल्यावर थिएटरात. त्या थिएटरात आता लग्नं लागतात. मराठी सिनेमा पाहून आली की ती हमखास एक प्रश्न विचारायची.

“यात आपल्यासारखं कुणीच कामून बोलत न्हाई रे?”

लहानपणी मला उत्तर येत नव्हतं. पुढे पीएच.डी. केली, तरीही आलं नाही. पण तो प्रश्न माझ्यात रुतून बसला. आयुष्यात एकदा तरी थिएटरच्या अंधारात बसून पडद्यावरून आमच्या घरातलं बोलणं ऐकायचं, एवढी एकच हाव मला होती. पुरस्कार, विभागप्रमुखाची खुर्ची, या गोष्टींसाठी मी कधी कुणाच्या दारात गेलो नाही. यासाठी गेलो असतो.

आणि दार माझ्याकडेच चालून आलं. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक सीमेवरच्या माणसांवर सिनेमा काढत होता. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. तो कॉलेजात आला आणि म्हणाला, “सर, इथली बोली जशीच्या तशी हवी. नकली काही नको.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी त्याला मुडबीला घेऊन गेलो.

मुडबीत काय झालं ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. रस्त्याकडेला एक शेतकरी बैलाला अशा अस्सल शिव्या देत होता की मी दिग्दर्शकाला म्हटलं, ऐका. गाडी थांबली. आम्ही उतरलो. त्या माणसाने दिग्दर्शकाची दाढी, पिशवी, बूट पाहिले, बैलाचा कासरा सोडला आणि हात जोडून म्हणाला, “नमस्कार. आपण कुठून आलात? प्रवास व्यवस्थित झाला का?” आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसा. चहाच्या हॉटेलात तेच. देवळाच्या ओट्यावर तेच. सगळं गाव पाहुण्यासाठी शाळेतलं मराठी घालून बसलं होतं. मी डोळ्यांनी खुणा केल्या, “अरे, आपल्यासारखं बोला की,” म्हणून कानात सांगितलं. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पाहुण्यांसमोर त्यांना धोतर सोडायला सांगतोय.

परतताना दिग्दर्शक हिरमुसला होता. “सर, तुमच्याकडे तर सगळे प्रमाणच बोलतात.”

“तुम्ही गेल्यावर आम्ही वेगळं बोलतो,” मी म्हणालो.

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. मग मीच गाडीत त्याला आमची चार वाक्यं बोलून दाखवली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, तुम्ही प्रोफेसर ना, मुद्दाम काढल्यासारखं वाटतं.”

संध्याकाळी तो आमच्या घरी चहाला आला आणि अव्वाला बघून जागीच उभा राहिला. त्याला तिचा चेहरा हवा होता. सिनेमात नायक उन्हातून दमून येतो आणि दारात बसलेली एक म्हातारी त्याला पाणी देते, दोन वाक्यं बोलते. तेवढंच काम. अव्वा आधी लाजली, मग तयार झाली. आणि माझ्या मनात आलं की आता होणार. तिच्याच तोंडून होणार.

शूटिंगच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून सांगितलं की तू माझ्याशी बोलतेस तसं बोल.

“कामून आलास रे इतक्या उन्हाचं? बस की. पाणी पी,” तिने म्हणून दाखवलं. हेल, ठसका, सगळं जागच्या जागी होतं. मला झोप येईना.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले, कॅमेरा लागला, नायक आला. गोरापान पोरगा, पुण्याचा. अव्वाने इरकलीचा पदर सारखा केला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आपण इतक्या उन्हात का आलात? बसा. पाणी घ्या.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मी पुढे होऊन म्हटलं, “अव्वा, घरातल्यासारखं बोल.” तिने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात झापलं. “पाव्हण्याचं लेकरू हाय ते. त्याला अरेतुरे करू व्हय? मग ते काय म्हणंल, ह्यांना बोलायचं वळण न्हाई.” मी म्हटलं, तो तुझ्या मुलासारखा आहे असं समज. ती म्हणाली, “माझी लेकरं काय अशी दिसायलीत?” युनिटमधले लोक हसले. मला हसू आलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा तो आमच्या गावात लागणार नव्हताच. मी, बायको आणि अव्वा उदगीरला दुपारच्या शोला गेलो. वाटलं होतं, निदान शुद्ध का होईना, तिचा आवाज तरी येईल. तिचं दृश्य आलं. तिचा चेहरा भिंतीएवढा झाला, कपाळावरची विभूती, गालावरचा तीळ, तांब्या धरलेला हात. ओठ हलले आणि भलतीच कुणीतरी बाई बोलली. “का रं पोरा, एवढ्या उन्हाचं आलास जनू? बैस वाईच, पानी पी.”

मागच्या रांगेतून कुणीतरी कौतुकाने ‘वा’ म्हणालं. 

बाहेर आल्यावर रसवंतीत बसलो तेव्हा अव्वाने विचारलं, “ती बाई कोण हाय रे?”

“तूच की.”

“तोंड माझं हाय. बोलायलीय ती दुसरीच.” थोडा रस प्यायली आणि म्हणाली, “असू दे. त्यांना तसं लागत असंल.”

मी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. बोलताना माझा आवाज चढला होता, लोक बघत होते. तो नम्रपणे म्हणाला, “सर, आजींचं काम अप्रतिम झालंय. पण त्यांचा आवाज गावातला वाटत नव्हता हो.” माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी फोन ठेवला.

गेल्या थंडीत अव्वा गेली. गेल्यावर लक्षात आलं की तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मोबाइलवर मी तिला रेकॉर्ड करायला बसलो होतो, बरेचदा, पण मोबाइल समोर धरला की तिचं “नमस्कार” सुरू व्हायचं. मोबाइलही तिला पाहुणाच वाटायचा. ती सगळी रेकॉर्डिंगं मी रागाच्या भरात पुसली होती. पुसली नसती तरी त्यात ती नव्हतीच.

शिवगणाराधनेला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने जेवण घालतात त्या दिवशी, माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. कॉलेज संपल्यापासून तो तिकडेच आहे. जेवणं झाल्यावर त्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि सिनेमातला तो तुकडा लावला. त्याने तो कापून जपून ठेवला होता, त्याच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवला होता. सोयरे टीव्हीसमोर दाटीने बसले. अव्वाचा चेहरा आला आणि ती बाई बोलली. बायका डोळ्याला पदर लावून रडल्या. भावाने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तोही रडत होता. तो माझ्यासारखाच तिच्या मांडीवर झोपला होता, “भाकर खायलास का न्हाई” ऐकतच मोठा झाला होता.

“दादा,” तो म्हणाला, “आई अगदी अशीच बोलायची, नाही?”

त्याने तिला आई म्हटलं. अव्वा हा शब्द त्याच्या तोंडून कधी गेला, हे मला आठवेना. मला त्याला ओरडून सांगायचं होतं की गाढवा, ही ती नाही, ही कुणीतरी भाड्याने आणलेली बाई आहे. आपली अव्वा कशी बोलायची ते तुझ्या कानात कुठेच उरलं नाही का? मला एकदा तिचं वाक्य तिच्या हेलात म्हणून दाखवायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण तो माझ्यासमोर सोफ्यावर बसला होता, प्रवासाने दमलेला, संध्याकाळच्या गाडीने परत जाणारा. बायको त्याच्यासाठी चांगले कप काढत होती. तो आमच्याकडे पाहुणा आला होता.

“हो ना,” मी म्हणालो, अगदी त्याच्यासारखं, “अगदी अशीच बोलायची.”