डिझेलच्या नळीतला बुडबुडा

आमची जुनी डिझेल गाडी रस्त्यात कुठंही बंद पडते, पण गॅरेजमध्ये आणली की शहाण्यासारखी तासभर चालते. आज मेकॅनिकनं डिझेलच्या काळ्या पाइपाच्या जागी पारदर्शक नळी बसवली. “डिझेलबरोबर कुठूनतरी हवा ओढतेय, म्हणून बंद पडते. बुडबुडा दिसला की चोर सापडला,” तो म्हणाला.

इंजिन सुरू ठेवून मी बॉनेटखाली वाकून नळीकडे बघत राहिलो. दुखणं दाखवायला आणलं की नेमकं लपून बसतं. बाबाही हल्ली बोलता बोलता मध्येच थांबतात, आणि डॉक्टरांसमोर घडाघडा बोलतात. माणसाला अशी नळी कुठं बसवायची?

“झालं का रे?” मागं गॅरेजच्या बाकावर बसलेल्या बाबांनी विचारलं.

“नाही अजून.”

“मग आपण उद्या...”

वाक्य पुढं गेलंच नाही. इंजिन सुरूच होतं, आणि नळीत एकही बुडबुडा नव्हता.