फडावरचं हवामान

आष्टी तालुक्यातल्या पोरीनं समुद्राचा अभ्यास करावा, हे आमच्या गावाला अजून पटलेलं नाही. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत वाढलेली ही खाऱ्या पाण्यामागं कशी लागली, असं लोक आईला विचारतात. मी विद्यापीठात आहे, वर्षातून एकदा-दोनदा बोटीवर जाते. आमचं विद्यापीठ आणि सरकार मिळून समुद्राच्या नोंदींवरून हवामानाचा अंदाज काढतात आणि गावोगावच्या फोनवर तो आपल्या भाषेत ऐकवतात. ही भागीदारी कितपत उपयोगी पडली हे तपासायला गेल्या हिवाळ्यात बाहेरची समिती आली, आणि तपासायच्या गावांत नेमकं माझंच गाव निघालं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. विद्यापीठाकडून मी त्यांच्यासोबत जाणार होते. हे माझं गाव आहे असं मी आधीच सांगून टाकलं, तर म्हणाल्या, "मग तू तोंडाला कुलूप लाव. तुझ्या आईला मी विचारीन."

गप्प बसण्याचा माझा पिंडच नाही. पण बसले.

गाव रिकामं होतं. दिवाळी उरकून टोळ्या ऊस तोडायला गेलेल्या. मागं राहिली होती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. सरकारकडून आलेले साहेब भले गृहस्थ, पण हिवाळ्यातले संदेश बंद करावेत हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. "ऐकायला आहे कोण इथं?" ते म्हणाले, आणि ओस गल्लीकडं बघून बाईंनीही मान हलवली. ताई आणि दाजी तेव्हा कोल्हापूरकडं उसाच्या फडावर होते. ताईची मुलगी अजून अंगावर पीत होती. थंडीच्या दिवसांत आई कशाच्या भरवशावर झोपते ते मला माहीत होतं.

संदेश बंद होणार हे कानावर गेलं तशा देवळासमोर बायका जमल्या. साहेबांनी एकीचा फोन कानाला लावला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. अंदाज कोल्हापूरकडच्या तालुक्याचा होता. दुसरीचा साताऱ्याकडचा. "ह्यांचे नंबर चुकीच्या तालुक्यांना जोडलेत," असं म्हणून ते बिचारे तिथंच बसून एकेक फोन दुरुस्त करायला लागले. आईची पाळी आली तेव्हा तिनं फोन पदराखाली धरला.

"द्या आई, आष्टी करून देतो."

"नगं बाबा. हितलं आभाळ मला दिसतंय की. माजी लेक तिकडं हाय."

साहेबांना कळेना. मग आईनंच समजावलं. फडावर राहायचं ते बांबू आणि चटयांच्या कोपीत. पाऊस येणार असला तर उजेड आहे तोवर वर प्लास्टिकचा कागद बांधावा लागतो, भोवती चर खणावा लागतो. दिवसभर उसात वाकलेल्या माणसाला अंदाज ऐकायची सवड कुठली? म्हणून गावातल्या आया तिकडचा अंदाज ऐकतात आणि लेकी-सुनांना फोन लावतात.

"मागं अवकाळी आला तवा लई पडला. माजी नात कोरडी ऱ्हायली," आई म्हणाली. "हे बंद कावून करता?"

ज्यांचे फोन दुरुस्त झाले होते त्या बायकांनी एकच गलका केला. साहेबांनी हसत, लाजत ते सगळे पुन्हा बिघडवून दिले. हिवाळ्यातले संदेश चालू ठेवा असंच आम्ही लिहू, हे बाईंनी तिथंच सांगितलं. तोंडाला कुलूप होतं ते बरंच झालं, नाहीतर मला रडू आवरलं नसतं.

साहेब आता आईवर खूश होते. "आणखी एक जागा जोडता येते, आई. कुठली जोडू?"

मला वाटलं, आता आष्टी म्हणेल. तिची सगळी काळजी ताईकडं असते. मी शिकलेली, पगारदार, माझं काय व्हायचंय, असं मी धरूनच चालले होते.

"समुद्राचं सांगता का?" आईनं विचारलं. "ही बोटीवर गेली की हिचा फोन लागत न्हाई."

साहेबांनी शोधून पाहिलं. "समुद्र नाही ह्यात. नुसते तालुके आहेत."

आई फोन पदरानं पुसत राहिली. मग म्हणाली, "मग ही गेल्यावर मी कुटलं ऐकत बसू?"