दह्यावर मासे
फ्रिजमधून आंबलेल्या दह्याचा वास आला की मला वडिलांचा तो बुधवार आठवतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांना दूध पचेनासं झालं होतं. अर्धा कप प्यायले तरी पोट फुगायचं, जुलाब व्हायचे. वजन बेचाळीस किलोवर आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दही देऊन बघा. विरजणामुळे दुधातली साखर कमी होते, उरलेली पचायलाही मदत होते." त्या सकाळी त्यांनी वाटीभर दही खाल्लं आणि दुपारपर्यंत पोट शांत राहिलं. तेवढ्यात उत्तनहून आत्या ताजे बोंबील घेऊन आमच्या मीरा रोडच्या घरी आली. वडील उठून बसले. "अगो, दोन तळ. भूक लागलीय." आई म्हणाली, "दह्यावर मासे न्हाय. अंगावर कोड फुटंल. उद्या खा." "कोड फुटायला मी उरायला तर हवा!" म्हणत ते हसले, कित्येक दिवसांनी. मी डॉक्टरांना फोन लावला. "खाऊ द्या," ते म्हणाले. आईने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दही दिलंच नाही, सकाळीच बोंबील तळले. वडिलांनी ताट बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटपर्यंत त्यांना पुन्हा भूक लागलीच नाही. आई अजूनही दह्याच्या दिवशी मासे करत नाही, आणि मी तिला काही समजवायला जात नाही.