फ्रीजरमधले मासे आणि माझी घाई

काल ज्यांच्याकडे लाईट गेली होती, त्यांनी हे वाचाच.

मी अर्ध्यात सोडलेल्या कॉलेजातली ‘ती’ आज पहिल्यांदा नवेगावबांधला आमच्या घरी जेवायला येतेय. तिला तलावातले मासे आवडतात, म्हणून मी चांगले मोठे मासे फ्रीजरमध्ये जमवून ठेवले होते. काल संध्याकाळी गेलेली लाईट आज सकाळी आली. तोवर मासे ठीक आहेत ना, हे बघायला मी सारखा फ्रीजर उघडत होतो.

“काऊन उघडून राहिला रे घडीघडी? सारा थंडावा तूच काढून राहिला!” आई ओरडली. मी उलट तिच्यावरच भडकलो.

सकाळी मासे बोटाने दबत होते, बर्फाचा कणही नव्हता. वास मात्र ठीक होता. मी म्हटलं, चालतील.

“वासावर नोको जाऊ,” आई म्हणाली. “ बर्फ असता तं मीच रांधले असते. लोकाच्या पोरीले बिमार पाडतो का?”

मासे परसात खड्डा करून पुरले आणि तोंड पाडून तिला फोन केला. ती हसली, “मग काय, तलावही आटला का?”

आता गळ टाकून तलावावर बसलोय. इथेही घडीघडी गळ वर ओढून बघतोय.

खरं सांगा, लाईट गेल्यावर फ्रीजचं दार बंदच ठेवणं तुम्हाला तरी जमतं का?