बरंय म्हणायचं नाही

सकाळी काकांचा फोन आला. "मुक्ता, मावशीला पित्त झालंय. दवाखान्यात आणलंय, तू सावकाश ये." मी सावकाश गेले. सात रस्त्याच्या चौकात थांबून दोन शहाळी घेतली, पित्ताला नारळपाणी चांगलं म्हणून. दवाखान्याच्या पायरीवर काका एकटेच बसले होते. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून ते म्हणाले, "आता कशाला आणलंस गं..."

या वाक्याचा अर्थ कळायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. अजूनही पुरता कळलेला नाही. माझी सुनीतामावशी, आईची धाकटी बहीण, अजून पन्नाशीही न गाठलेली. सोलापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि मोहोळच्या रानातली माती पिशव्यांतून आणून तिच्यातले जीवाणू तपासायची. अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरून आलेली ही बाई आपल्या गावात, उन्हाळ्याच्या एका साध्या सकाळी, हृदयविकारानं गेली. आणि आम्ही सगळे त्याला पित्त म्हणत होतो.

जगभरातल्या शास्त्रज्ञ स्त्रियांसाठी नेतृत्वाचा एक अभ्यासक्रम होता. वर्षभर ऑनलाइन वर्ग आणि शेवटी दक्षिण ध्रुवाकडची जहाजसफर. मावशीची निवड झाली तेव्हा आजीला सांगायला आम्ही दोघी मोहोळला गेलो. आजी शेंगा फोडत बसली होती.

"कशाला बोलावलंय म्हनं?"

"नेतृत्व शिकवणार आहेत, आई."

"म्हंजी पुढारपन की! त्याला एवढ्या लांब कशाला? हितं गल्लीत चार पुढारी हायत, त्यास्नी इचार."

"त्या चारात एक तरी बाई हाय का?" माहेरी आली की मावशीची भाषा आपोआप माहेरची व्हायची.

आजीनं दोन शेंगा फोडल्या. "न्हाय," ती म्हणाली. मग टरफलं बाजूला सारत, "जा मग."

कॉलेजात इतकं सोपं नव्हतं. रजेचा अर्ज पुढे सरकेना. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, बर्फच बघायचा तर गेटवर गोळेवाला बसतो की." हे ऐकून मी पेटले. आईबाबा चळवळीतले, आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे उशाला असायचे, अक्षरओळख त्यांच्यावरच झालेली. मी त्याच दिवशी एक पत्रक लिहून मावशीकडे नेलं. तिनं ते शांतपणे वाचलं. "तुझ्या प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह असतं," ती म्हणाली, "मी प्रश्नचिन्ह वापरणार आहे." आणि रोज प्राचार्यांच्या दारात उभं राहून ती एकच प्रश्न विचारत राहिली, "सर, माझ्या रजेचं काय झालं?" शेवटी तिच्या प्रश्नाला कंटाळून त्यांनी सही केली.

अर्जेंटिनाच्या टोकावरून जहाज निघालं. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच. समुद्र खवळला तेव्हा तिला उलट्यांनी हैराण केलं. परत आल्यावर सांगायची, "त्यापेक्षा मोहोळची एसटी परवडली गं." पण तिला सगळ्यात जास्त सांगायचं असायचं ते किनाऱ्यावर उतरण्याआधीचं. तिथं बाहेरचं काही जाऊ नये म्हणून प्रत्येकीला बूट, पिशव्या, कपड्यांच्या शिवणी साफ कराव्या लागत. मावशीच्या पिशवीच्या शिवणीत काळ्या मातीचे कण निघाले. "जी माती जन्मभर गोळा केली, ती तिथं बसून चिमट्यानं काढली," ती म्हणायची आणि हसायची. डोळे मात्र भरलेले असायचे.

जहाजावर त्यांचा एक नियम होता. सकाळी सगळ्या गोल बसायच्या आणि आज आपण खरंच कशा आहोत ते सांगायच्या. 'ठीक आहे' म्हणायला बंदी. हा नियम मावशीनं सोलापूरला आणला. तिच्या प्रयोगशाळेत सकाळी मुली जमत, अधूनमधून मीही जाई. "हितं 'बरंय' चालणार नाही," ती बजावायची. "आपल्या बायका मरेपर्यंत बरंय म्हणतात." मग कुणी सांगायची, झोप झाली नाही. कुणी सांगायची, घरी लग्नाची घाई चाललीय, मला शिकायचंय. शेवटी मावशीची बोलायची वेळ यायची. शेवटच्या काही आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा म्हणाली, "पित्त झालंय. पाठ भरून आलीय, जबडाही ठणकतोय."

तिनं नियम मोडला नव्हता. ती बरंय म्हणाली नव्हती. तिनं सांगितलं, आम्ही ऐकलं आणि कुणी आवळासुपारी पुढे केली, कुणी थंड दूध सुचवलं. काका म्हणाले, चटणी बंद कर. बाईचं हृदय पाठीतून, जबड्यातूनही दुखतं, हे डॉक्टरांनी सांगितलं ते ती गेल्यावर. घरात पुरुषाच्या छातीत जरा कळ आली की गाडी काढतात. बाईला पित्त होतं. जीवाणूंवर अभ्यास करणाऱ्या बाईलाही पित्तच होतं, आणि तिला स्वतःलाही तेच वाटतं! हे उद्गारचिन्ह मी खोडणार नाही, मावशी.

प्रयोगशाळेच्या दारामागे खिळ्याला तिचं मोहिमेचं लाल जाकीट अजून आहे. सोलापूरच्या उन्हात ते अंगात घालून फोटो काढायची तिनं सगळ्यांना मुभा दिली होती. मुली घामानं निथळत ऐटीत उभ्या राहायच्या. परवा मी ते झटकायला काढलं, तर आतल्या खिशात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. रिकामं. म्हणजे तिथं जहाजावरही पित्तच... एवढ्या बायकांच्या गोलात बसूनही.

मुली अजून सकाळी जमतात. काल अक्कलकोटची भाग्यश्री तिची बोलायची वेळ आल्यावर सहज बोलून गेली, "पित्त झालंय." सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या. "कुठं दुखतंय? पाठ? जबडा?" बिचारी गांगरली. "अगं, काल मिरची भजी खाल्ली लई." कुणी ऐकलं नाही. आम्ही तिघींनी तिला रिक्षात घातलं आणि ईसीजी काढायला नेलं. काही निघालं नाही.

परतताना भाग्यश्री म्हणाली, "सांगितलं होतं की, भज्यांचंच हाय." आम्ही खूप हसलो. हसत हसत प्रयोगशाळेत शिरलो, दार लावलं आणि दारामागचं लाल जाकीट समोर आलं. त्यानंतर कुणालाच हसता येईना.