चावी अजिबात फिरवायची नाही

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि घरी जा.

मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको इथलीच, तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. सासूबाई महिनाभर आमच्याकडे अंबत्तूरला होत्या. दुसऱ्या दिवशी तंजावरला त्यांच्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन, आणि त्यासाठी तांबरमहून अकराची रेल्वे गाठायची होती. "मी सोडतो ना," म्हटलं. इथेच सगळं चुकलं.

रात्रभर पाऊस कोसळलेला. वाटेत एका पुलाखाली गुडघाभर पाणी.

"मागे फिरू या का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, अहो, हेच तर माझं काम आहे."

पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा आणि तोंडानं भाषण चालू. गाडी पार झाली. माझी छाती दोन इंच फुगली. पुढे पहिलाच लाल सिग्नल लागला. न्यूट्रल केलं, क्लच सोडला, आणि इंजिन गप्प.

झटकन चावी काढून मी खिशात घातली. "इंजिनात पाणी शिरलंय. आता चावी अजिबात फिरवायची नाही. फिरवली तर आतला दांडा वाकतो आणि इंजिन कायमचं जातं."

"एकदा फिरवून तर बघा."

"आई, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

चहाच्या टपरीवरच्या चौघांनी ढकलून गाडी कडेला घेतली. मी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढला, तर कोरडा ठणठणीत. ऑइल बघितलं, स्वच्छ. आता शहाणा माणूस काय म्हणेल? पाणी शिरलेलं नाही. मी काय म्हटलं? "पाणी आणखी खोल गेलंय."

सव्वादहा झाले. सासूबाई एकदा घड्याळ बघत होत्या, एकदा रस्ता. शेवटी त्यांनी स्वतःच एक रिक्षा थांबवली, पिशवी घेऊन आत बसल्याही.

"आई, दहाच मिनिटं द्या. कारण शोधून काढतो."

जावयाचा मान म्हणून बिचाऱ्या उतरल्या. रिक्षा निघून गेली. मी एकेक फ्यूज काढला, फुंकला, परत बसवला. वायरी हलवल्या. बॅटरीला उगाच दोन थपडा मारल्या. हात काळे झाले, शर्ट काळा झाला, आणि अकरा वाजून गेले.

तंजावरहून सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला. "बसलीस का गाडीत?"

"बसले आहे," सासूबाई म्हणाल्या. "जावयाच्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग टपरीवाल्यानं बोलावलेला मेकॅनिक आला आणि त्यानं पहिल्यांदा चावीच मागितली. मी देईना. दांडा कसा वाकतो ते त्याला समजावू लागलो. त्यानं शांतपणे सासूबाईंकडे बघितलं.

"द्या आता त्यांना," त्या म्हणाल्या. मी चावी दिली आणि डोळे मिटून घेतले.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू. तो एक चक्कर मारून आला, न्यूट्रल करून क्लच सोडला. इंजिन बंद. क्लच दाबला, सुरू. सोडला, बंद. दाबला, सुरू.

"ओन्नुम इल्ले, सार," तो म्हणाला. म्हणजे काहीही झालेलं नाही. सिग्नलला पेट्रोल वाचावं म्हणून ही गाडी आपली आपण बंद होते, नको असेल तर हे बटण दाबायचं.

ते बटण मला माहीत नसेल? अहो, कारखान्यात हीच यंत्रणा तपासायचं काम मी चार वर्षं करतोय. दिवसभर तेच बंद-चालू ऐकून कान किटतात, म्हणून स्वतःच्या गाडीत बसल्याबरोबर मी आधी ते बटण दाबतो. त्या दिवशी घाईत तेवढंच राहिलं.

खरं सांगतो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. "बसा आई," मी खाली मान घालून म्हणालो, "थेट तंजावरपर्यंत सोडतो."

मेकॅनिकनं हात पुसत सहज विचारलं, "सार कुठे कामाला?"

"बँकेत," मी म्हणालो.

आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या सासूबाई मागच्या सीटवरून स्वच्छ तमिळमध्ये त्याला म्हणाल्या, "हो, बँकेतच आहेत. पण तिजोरीला हात लावू देत नाहीत त्यांना."