उपटलेला मका

फुलंब्रीच्या अलीकडे, नाल्याकाठच्या आमच्या एका एकरात त्या वर्षी वहिनीनं मका पेरला. काय पेरायचं ते तिनं ठरवण्याची ही पहिलीच वेळ. दादाला कापूस हवा होता.

मका गुडघ्याला लागला आणि नाल्याच्या पुरात चार दिवस पाण्यात उभा राहिला. पाणी ओसरलं तेव्हा खालची पानं पिवळी होती. दादानं सांगितलं, सोमवारी रोटाव्हेटर फिरवून रान मोकळं करायचं. मका मोडला की पेरणीत वहिनीचं मत पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. हे तिलाही कळत होतं.

मी तेव्हा औरंगाबादला एका दैनिकात उपसंपादक होते, रजेवर आले होते. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. तग धरायचा असेल तर मका बुडाच्या वरच्या पेरातून नवी मुळं काढतो, एवढं दैनिकातल्या शेतीच्या पानामुळं माहीत होतं. ते मी वहिनीला सांगितलं.

"मंग उपटून बघू की, वन्सं."

शुक्रवारी एक रोप उपटलं. मुळं काळी, वास घाण. शनिवारी दुसऱ्या रोपाच्या पेराभोवती भाताच्या शितांएवढे पांढरे कोंब दिसले. वहिनी चिखलात नाचली. मी म्हणाले, एका रोपावरून बातमी होत नाही. मग आम्ही ओळीओळीनं उपटत सुटलो. कोंब दिसला की ओरडायचं, पुढचं उपटायचं. रविवारी दुपारी बांधावर ढीग झाला.

वहिनीनं ढिगाकडं पाहिलं. "आवं वन्सं, ह्ये तर सगळे जगनारेच व्हते!"

जे रोप वाचल्याचं सिद्ध होत होतं, ते त्याच क्षणी आम्ही मारत होतो. हसता हसता तिचा पाय घसरला. पडताना तिनं एक खोड बुडाशी धरलं, त्यावरचा गाळ पुसला गेला आणि खाली तेच पांढरे कोंब. रोप जागेवर उभं. बोटानं गाळ पुसला असता तरी भागलं असतं. मीही तिच्या शेजारी चिखलात बसले; हसून हसून आम्हाला बराच वेळ उठता आलं नाही.

सोमवारी दादा ट्रॅक्टर घेऊन आला. आधी त्याला ढीग दिसला.

"ह्ये कोन्या जनावरानं केलं?"

"दोन व्हती," वहिनी म्हणाली. "तुमी आत या. पन उपटायचं नाय, नुसतं पुसायचं."

दादा वाकून पुसत पार नाल्यापर्यंत गेला आणि एकच चप्पल घेऊन परतला.

"जगंल," तो म्हणाला. "पर लई पिवळा पडलाय. युरिया लागंल."

"शनवारीच आनून ठिवलाय," वहिनी म्हणाली. "रान जरा सुकून वापसा आला की टाकू."

हे मीच सुचवलं असणार, अशा नजरेनं दादा माझ्याकडं बघायला लागला. मला युरियाचं ठाऊकच नव्हतं. मी तसं सांगितलं.